भीमनगरच्या बागेला पाणी कुठून येते?

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत आम्हाला एक प्रश्न विचारला गेला. टँकरच्या फेऱ्यांवर चर्चा चालू होती. आमच्या वस्तीतल्या एका ताईने उभे राहून विचारले, "टँकर रोज गावात येतो, मग आमच्या टाकीत एकदाही का पडत नाही?" तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "गावाला प्यायला पाणी नाही आन् भीमनगरात फुलं फुलायलीत. तुम्हाला कशाला पाहिजे टँकर?" सभा हसली. हसणाऱ्यांत आमच्या ओळखीचे, एकत्र शाळेत गेलेले, निवडणुकीत आमच्या दारात येऊन चहा पिणारे लोकही होते.

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले, पण घाईत दिले. हा लेख त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आहे. आणि खरे सांगायचे तर हे उत्तर केवळ गावासाठी नाही. काही भाग आमच्या स्वतःसाठीही आहे. गावाला प्रश्न विचारता विचारता यंदाच्या उन्हाळ्यात काही प्रश्न आमच्याच अंगावर आले. ते लपवून हा लेख लिहिला तर तो अर्धाच होईल.

आमचे गाव मांजरा नदीच्या खोऱ्यात आहे. याच खोऱ्यातल्या लातूर शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे साऱ्या देशाने पाहिले. आमच्यासारख्या गावांकडे रेल्वे येत नाही, टँकर येतो. यंदा फाल्गुनातच हातपंपाने दम टाकला. पाडव्यानंतर टँकर सुरू झाला. त्याच सुमारास पट्टा पडून ऊसतोडीला गेलेली माणसे कोयते घेऊन परत आली आणि वस्तीतली तोंडे एकदम दुप्पट झाली. लग्नसराईत नवरीच्या बापाला सगळ्यात मोठी चिंता हुंड्याची नव्हती, पाण्याच्या जारची होती. वस्तीतला एक मुलगा पोलीस भरतीत निघाला, त्याचा सत्कार विहारात झाला आणि पेढ्याबरोबर प्रत्येकाला मोजून अर्धा पेला पाणी मिळाले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेले आणि सुकडी खाल्लेले एक आजोबा चैत्रात गेले. शेवटच्या आजारात ते विचारत होते, "शेवग्याला पाणी घातलं का रं?" हा शेवगा त्यांनी लावलेला नव्हता. बागेतला होता, म्हणजे सगळ्यांचा होता.

उकिरड्याची जागा

ही बाग म्हणजे विहारामागची 12 गुंठे जागा. ज्यांनी ती आज पाहिली त्यांना ती काल काय होती हे सांगावे लागते. गावातले मेलेले ढोर पूर्वी तिथे ओढून आणत. आमच्याच आज्या-पणज्यांना ते ओढावे लागे. पुढे आमच्या लोकांनी ते काम टाकले, आणि मग गावाने तिथे उकिरडा केला. तीन वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या काही तरुण मुलामुलींनी ठरवले की ही जागा साफ करायची. आठ दिवस नुसत्या काचा, प्लास्टिक आणि हाडे वेचत होतो.

मग आम्ही एक मोठी चूक केली. 14 एप्रिलला जयंतीच्या दिवशी एकाच वेळी 51 रोपे लावली. प्रत्येक रोपाजवळ उभे राहून फोटो काढले, ते व्हॉट्सअॅपवर फिरवले, तालुक्याच्या पत्रकारालाही पाठवले. बुद्ध पौर्णिमेपर्यंत त्यातली 45 रोपे वाळून काडी झाली. वस्तीतली एक आजी काठी टेकत आली आणि म्हणाली, "लेकरांनो, ही झाडं जगायसाठी लावली का फोटूसाठी? चैत-वैशाखात कुणी झाड लावतं का? या महिन्यात खड्डा करून ठेवायचा असतो. त्याला ऊन खाऊ द्यायचं असतं."

आजी शाळेत गेलेली नाही, पण आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली आहे. तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आता आम्ही एप्रिल-मे महिन्यात दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डे घेतो आणि उघडे ठेवतो. उन्हाने माती तापते, हुमणीसारखी कीड आणि बुरशी कमी होते. मृगाच्या तोंडावर त्यात कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि वरची माती भरतो. चांगले दोन पाऊस झाले की रोप लावतो. अशा रीतीने मागच्या दोन पावसाळ्यांत लावलेली 16 झाडे सगळीच्या सगळी जगली. आधीची सहा आणि ही सोळा, अशी आज 22 झाडे आहेत: कडुनिंब, करंज, शेवगा, लिंबू, कढीपत्ता, सीताफळ आणि विहाराच्या दारात एक पिंपळ.

म्हणून ज्या ज्या वस्तीत जयंतीला वृक्षारोपण होते, त्या सर्व बांधवांना आमची विनंती आहे. बाबासाहेबांच्या नावाने झाड लावायचे असेल तर 14 एप्रिलला खड्डा करा आणि जुलैत झाड लावा. फोटो पुढच्या वर्षी काढा, झाड जिवंत असेल तर.

पाण्याचा हिशेब

आता ग्रामसभेतल्या प्रश्नाकडे येऊ. बागेला पाणी कुठून येते?

बागेत पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही जात नाही. वस्तीत 40 घरे आहेत. घरोघरचे अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी पूर्वी दारातल्या गटारात जाऊन डास पैदा करत होते. आता ते विहारामागे दोन पिंपांतून गाळले जाते. पिंपात खाली खडी, मध्ये कोळसा, वर वाळू. हे पाणी आम्ही वाफ्यांना घालतो. पालेभाजी त्या पाण्यावर घेत नाही. वाफ्यांत गवार, भेंडी आणि वांगी आहेत, ती शिजवूनच खाल्ली जातात. पिंपांच्या खाली जिथे सांडपाणी झिरपते तिथे अळू, कर्दळ आणि दोन केळी लावल्या आहेत. साबणाच्या पाण्याला त्या दाद देत नाहीत.

झाडांसाठी आम्ही माठ वापरतो. न भाजता राहिलेला, कच्चा माठ नाही. चांगला भाजलेला, पण पाझरणारा. तो झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचा आणि तोंडावर झाकण ठेवायचे. माठ पाझरतो, मुळे ओल शोधत तिकडे येतात आणि वर ऊन कितीही असले तरी पाणी वाफ होऊन जात नाही. माठात साबणाचे पाणी चालत नाही, त्याची छिद्रे बुजतात. म्हणून घागरी विसळलेले आणि भाजी धुतलेले पाणी कापडाने गाळून त्यात टाकतो. झाडाच्या बुडाशी उसाचे पाचट आणि सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाड अंथरतो. मे महिन्यात भर दुपारी पाचटाखाली हात घातला तर माती थंड लागते. वाफ्यांवर जुन्या साड्या ताणून सावली केली आहे. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने टोमॅटो लावले होते. फुले भरपूर आली आणि पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर सगळी गळून पडली. तेव्हापासून उन्हाळ्यात टोमॅटोचा नाद सोडला. गवार मात्र उन्हाला पुरून उरते.

हे सगळे एका वहीत लिहिलेले असते. ती वही अकरावीत शिकणारी आमची एक मुलगी ठेवते. ग्रामसभेत तिनेच वही उघडून वाचून दाखवले. 22 माठ, प्रत्येकी 10 लिटर, दर चौथ्या दिवशी. म्हणजे दिवसाला 55 लिटर. आठ वाफे, प्रत्येकाला दोन घागरी. म्हणजे दिवसाला 240 लिटर. एकूण 300 लिटरच्या आत. घरटी साडेसात लिटरही नाही, आणि तेही एकदा वापरून झालेले पाणी. टँकर 10 हजार लिटरचा. त्या एका टँकरमध्ये आमची बाग 33 दिवस जगली असती, पण आम्ही बागेसाठी कधी टँकर मागितलेला नाही.

मग तिने वही मिटली आणि विचारले, "आता दुसऱ्या कुणाचा हिशेब आहे का?"

कुणाचाच नव्हता. आम्हाला वाटते, मुद्दा इथेच आहे. या देशात गरिबाला आणि विशेषतः दलिताला प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो. त्याच्या घरकुलाचा, शिष्यवृत्तीचा, आरक्षणाचा आणि आता त्याच्या मोगऱ्याच्या झाडाचाही. ज्याच्या रानात रात्रभर मोटार चालू असते, त्याला मात्र कोणी विचारत नाही. केंद्र सरकारच्याच कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नमूद केले होते की महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी पिकाखालच्या क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ 70 टक्के पाणी घेतो. त्या उसाच्या मुळाशी पाणी आणि आमच्या तोंडाला कोरड. तो ऊस तोडायलाही आमचीच माणसे जातात. भूजल कायद्यानुसार पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवीन विहीर किंवा बोअर घेता येत नाही, ही तरतूद 1993 पासून आहे. आमच्या सार्वजनिक विहिरीपासून किती पावलांवर किती बोअर आहेत, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही त्याबद्दल लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे आणि उत्तराची वाट पाहत आहोत.

अंतर आणि मोटार

टँकर वरच्या आळीतल्या सार्वजनिक विहिरीत रिकामा होतो. ती आमच्यापासून पाऊण किलोमीटरवर आहे. आता कोणी आमच्या बायकांना "लांब उभी राहा" असे म्हणत नाही. कायद्याची भीती आहे, शिवाय काळ बदलला आहे असे सगळेच म्हणतात. पण टँकर सुटला रे सुटला की काठावरच्या पाच घरांच्या मोटारी सुरू होतात. त्यांचे पाइप विहिरीत कायमचे सोडलेले आहेत. आमच्या बायका घागरी घेऊन पोचेपर्यंत पोहऱ्यात गाळ येतो. शिवाशिव कोणी करत नाही. अंतर आणि मोटार मिळून तेच काम करतात.

हे आमच्या काही शिकलेल्या मित्रांना पटत नाही. ते म्हणतात, यात जात कुठे आली, हा नियोजनाचा प्रश्न आहे. आमचे त्यांना एवढेच विचारणे आहे: हे नियोजन नेहमी एकाच बाजूला का कलते? विहीर वरच्या आळीत, टाकी वरच्या आळीत, नळ वरच्या आळीतून सुरू होऊन आमच्या वेशीशी येईपर्यंत थेंबथेंब गळणारा. जलजीवन मिशनच्या कागदावर प्रत्येक माणसाला दररोज 55 लिटर आहेत. कागदावर आमच्या दारातही नळ आहे.

पाण्याचा इतिहास आम्हाला पाठ आहे. महात्मा फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. 1923 मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. पण ठराव कागदावर राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. पुढे ते प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! आमच्या मराठवाड्यातही 1934 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौदाच्या पाण्याने तोंड धुतले म्हणून लोक धावून आले होते. तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. म्हणूनच संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे घेऊन उल्लेख आला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही 2015 च्या दुरुस्तीने सामाईक पाणवठ्याच्या वापरात अडथळा आणणे हा गुन्हा म्हणून स्पष्टपणे घालण्यात आले. शब्द नसल्यामुळे आमचे अडत नाही. ठराव आणि टाकी यांच्यामधले अंतर तेवढे कापायचे राहिले आहे.

डीजे की टाकी?

आता आमच्या घरातले बोलू.

यंदा जयंतीच्या वर्गणीवरून वस्तीत दोन तट पडले. डीजेची सुपारी 55 हजार रुपये सांगितली होती. काही जणांनी सुचवले की त्या पैशात पाच हजार लिटरची टाकी बसवू, म्हणजे टँकर इथेच रिकामा करून घेता येईल. त्यावर तरुण पोरे चिडली. त्यांतला एक म्हणाला, "वर्षातून एकदाच आपण गावाच्या मेन रोडनं छाती काढून चालतो. तेबी बंद करायचं का?"

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. याच रस्त्यावरून मिरवणूक नेण्यासाठी आमच्या वडिलांच्या पिढीने मार खाल्ला आहे. नामांतराच्या काळात 1978 साली मराठवाड्यात आमच्या वस्त्यांचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले ते अजून जिवंत आहेत. मिरवणूक हा आमच्यासाठी नुसता नाच नाही. पण मिरवणूक म्हणजे डीजे नव्हे, हेही तितकेच खरे. तीन रात्री विहारात वाद झाला. शेवटी मिरवणूक लेझीम आणि भीमगीतांवर, त्याच रस्त्याने, नेहमीपेक्षा मोठी काढायची आणि डीजेचे पैसे टाकीला, असे ठरले. सहा-सात पोरे रुसली. त्यांतली दोन अजून आमच्याशी धड बोलत नाहीत. आम्ही त्यांना दोष देत नाही.

टाकी बसली, पण दोन आठवडे कोरडी राहिली. टँकरचा ड्रायव्हर म्हणायचा, "माझ्या चिठ्ठीवर फक्त विहीर लिहिलंय." म्हणून तर ग्रामसभेत प्रश्न विचारावा लागला. वहीच्या हिशेबानंतर सरपंच म्हणाले, अर्ज द्या, बघू. आम्ही म्हणालो, अर्ज तीन दिलेत. आता ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहा आणि आम्हाला वाचून दाखवा. ग्रामसेवकांनी लिहिले आणि वाचले: एक दिवसाआड टँकर भीमनगरच्या टाकीत रिकामा करावा, आणि टँकर चालू असेपर्यंत सार्वजनिक विहिरीवरील खासगी मोटारी काढाव्यात. आठ दिवसांनी पहिला टँकर आमच्या टाकीत पडला. मोटारींपैकी दोन निघाल्या, तीन अजून आहेत.

त्या पहिल्या दिवशी जे घडले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे. आमच्या वस्तीच्या पाठीमागे मातंग समाजाची नऊ घरे आहेत. ती माणसेही घागरी घेऊन आली. आमच्यातले काही जण म्हणाले, "आधी भीमनगर होऊ द्या, मग उरलं तर तुम्ही." टाकीच्या वर्गणीत त्यांचे पैसे नाहीत, असे कारण देण्यात आले. वर्गणी मागायला आम्ही त्यांच्या दारी गेलोच नव्हतो, हे मात्र कोणी बोलले नाही. त्यांच्यातली एक बाई घागर खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "तुमच्यातबी वरची आळी हायच की."

त्या एका वाक्याने आमची ग्रामसभेतली सगळी भाषणे खाली पाडली. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला चढत्या भांजणीची विषमता म्हटले आहे. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असते, म्हणून प्रत्येकजण ती शिडी सांभाळतो. हे आम्ही शिबिरात शिकवतो. टाकीच्या तोटीपाशी मात्र विसरलो. त्याच संध्याकाळी विहारात बैठक झाली आणि त्या नऊ घरांना बोलावून घेतले. आता 49 घरांना क्रमांक आहेत, दर टँकरला सुरुवात पुढच्या क्रमांकापासून होते, आणि टाकीची किल्ली पाळीपाळीने प्रत्येक घराकडे जाते. बागेच्या वाफ्यांतही त्यांचा वाटा आहे. एवढ्याने सगळे मिटले असे आम्ही म्हणणार नाही. एकमेकांच्या घरी लग्नाचे जेवण होते, लग्न होत नाही, तोवर काही मिटत नसते.

दुसरी गोष्ट वहीनेच उघडी पाडली. ती मुलगी पाण्याच्या लिटरबरोबर पाणी घालणाऱ्याचे नावही लिहीत होती, हे आम्हाला माहीत नव्हते. मार्च महिन्याचे पान तिने बैठकीत वाचले: 31 दिवसांपैकी 25 दिवस बायकांनी आणि मुलींनी पाणी घातले, सहा दिवस पुरुषांनी. त्या सहांपैकी दोन दिवस पाहुणे बघायला येणार होते. या लेखात आम्ही सारखे "आम्ही, आम्ही" म्हणत आहोत. तो "आम्ही" म्हणजे कोण, हे त्या पानावर लिहिलेले आहे. महाडच्या परिषदेत डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले होते. चळवळ स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायची असते, हे आपण भिंतीवर रंगवतो, पण घागर कुणाच्या कमरेवर आहे ते पाहत नाही. आता आठवड्यातले चार दिवस पाणी पुरुषांकडे आहे. पहिल्या आठवड्यात दोघांनी भर दुपारी बाराला पाणी घालून वांगी पोळवली. आज्यांनी त्यांना पाणी सूर्य उगवायच्या आत किंवा मावळल्यावर घालायचे असते हे शिकवले.

गाव सोडायचे की झाड लावायचे?

आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतात, बाबासाहेबांनी तर गावाला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे डबके म्हटले. संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 रोजी त्यांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले होते. मग तुम्ही गावात बागा कसल्या फुलवता? शहरात जा.

आमची निम्मी पिढी गेलीच आहे. पुण्यात, चाकणला, भिवंडीत आहे. पण जे मागे राहिले त्यांनी डबक्यातच राहावे, असा बाबासाहेबांच्या बोलण्याचा अर्थ नाही. गावातल्या गुलामीचे मूळ जमीन आणि पाणी आमच्या हातात नसण्यात आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून 1928 पासून ते महार वतनाविरुद्ध लढले. म्हणून मजूरमंत्री असताना त्यांनी देशाच्या नद्यांच्या पाण्याचे नियोजन हाती घेतले. दामोदर आणि हिराकुडच्या प्रकल्पांमागे त्यांच्या खात्याचे काम आहे. म्हणून त्यांच्या पश्चात दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि 1964 च्या डिसेंबरमध्ये लाखो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यातले गायरानाचे लढे त्याच वाटेवरचे.

आमच्या या 12 गुंठ्यांचा कागद अजून आमच्याकडे नाही. उकिरडा होता तोवर ही जागा कुणालाच नको होती. आता तिथे सावली आहे, तर "इथे गावाचे सभागृह बांधू" अशी कुजबुज सुरू झाली आहे. म्हणून बाग आमच्यासाठी हौस नाही, ताबा आहे. नमुना आठला विहार आणि बाग यांची नोंद व्हावी, हा अर्ज आम्ही 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवणार आहोत.

आणि फुलांचे म्हणाल तर हो, आम्ही फुलेही लावतो. मोगरा आहे, जास्वंद आहे. ज्यांनी आम्हाला पहिल्यांदा शाळा आणि पाणी दिले त्या जोतीरावांचे आडनावच फुलांच्या धंद्यावरून आले. त्यांनीच 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी आणि माती अडवा असे सरकारला सांगितले होते. सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावल्याचे आणि विहिरी खोदल्याचे कोरून ठेवले. झाड आणि पाणी एकत्र, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. गरिबाने फक्त भाकरीपुरते जगावे आणि सुगंध वरच्या आळीने घ्यावा, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? पूर्वी बुद्ध पौर्णिमेला आम्ही तालुक्याहून विकतची फुले आणायचो. यंदा विहारातली सगळी फुले आमच्या बागेतली होती. सांडपाण्यावर वाढलेली.

सध्या 14 नवीन खड्डे उन्हात तापत आहेत. त्यांतले पाच त्या नऊ घरांच्या बाजूला आहेत. रोहिणीचा एक सडाका परवा पडून गेला, पण आजी म्हणते, घाई करू नका, दोन पाऊस चांगले होऊ द्या.

बांधवांनो आणि भगिनींनो, तुमच्या गावातही टँकर येत असेल. तो कुठे रिकामा होतो ते पाहा. एक वही घाला. पाण्याचे लिटर लिहा आणि पाणी आणणाऱ्याचे नावही लिहा. आपल्या मागच्या बाजूला कोणती घरे आहेत ते मोजा. मग ती वही घेऊन 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला जा आणि ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

जयभीम!